यादीतले कवठ

माझ्या ब्लॉगच्या पानाच्या तळाशी एक आकडा असतो. आजवर किती जण येऊन गेले, ते तो दाखवतो. मुलाने ब्लॉग उघडून दिला त्या दिवशी तेथे एक होता, आणि तो एक म्हणजे मीच होतो. त्यानंतर सात वर्षे, सकाळची संध्या आटोपून पूजेला बसण्याआधी, मी तो आकडा पाहत आलो. देवाच्या आधी आकडा पाहणे उचित नव्हे, हे मला कळत होते. तरी पाहत होतो.

ज्या कारणाने पाहत होतो ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या गावाबाहेर नदीकाठी महादेवाचे जुने देऊळ आहे. त्या स्थानाचे माहात्म्य संस्कृतात आहे. सात अध्यायांचे, कर्ता अज्ञात, कधीही न छापलेले. माझ्या गुरुजींना ते त्यांच्या गुरूंकडून मुखाने मिळाले आणि मला गुरुजींकडून. हस्तलिखित पोथी माझ्यापाशी आहे, परंतु पोथीत केवळ अक्षरे आहेत. श्वास कोठे घ्यावा, कोणता चरण परतून म्हणावा, कोणत्या श्लोकापाशी स्वर उतरवावा, यातले काही त्या पोथीत नाही. गुरुजींपाशी हा पाठ आम्ही पाच जण शिकलो. चौघे गेले. आर्णीच्या रस्त्यावरच्या शाळेत मी तीस वर्षे संस्कृत शिकवले. मुले गुणांसाठी आली, गुण घेऊन गेली, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पाठासाठी मात्र कोणी आले नाही.

म्हणून ब्लॉग. आठवड्याला एक श्लोक, त्याचा पदच्छेद, अन्वय, अर्थ, आणि शेवटी प्रत्येक वेळी एकच वाक्य: ज्यास हा पाठ मुखोद्गत करावयाचा असेल त्याने अवश्य यावे, राहण्याजेवण्याची सोय घरी होईल. ते शेवटचे वाक्य मी कधी गाळले नाही.

घरी पाठ रोज होई. मी देवघरात आणि पत्नी स्वयंपाकघरात. ती संस्कृत शिकलेली नव्हती. परंतु चाळीस वर्षे तेच सात अध्याय तिच्या कानांवरून गेले होते, आणि मी कोठे घसरलो की स्वयंपाकघरातून पळी पातेल्याच्या काठावर एकदा वाजे. एकदाच. मी मागे जाई, चरण सुधारी, आणि पुढे चाले. पाठ संपल्यावर ती म्हणे, "आज तिसऱ्यात दोनदा घसरलात. झोप झाली नाही वाटतं!" तिला अर्थ कळत नव्हता, चूक कळत होती.

तीन वर्षांपूर्वी माघात ती गेली.

मुलगा पुण्याहून निघाला होता. दहाव्यासाठी काय काय आणावे लागेल, असे त्याने वाटेत फोनवर विचारले. मला बोलता येईना. "बाबा, लिहून तरी पाठवा," तो म्हणाला. मला मराठी टंकलेखन एकाच ठिकाणी येत होते, ते म्हणजे ब्लॉगवर. तेथे मी यादी लिहिली. काळे तीळ, जव, दर्भ, पळसाच्या पत्रावळी, मातीचे मडके, पंचा, अशी क्रमाने सगळी सामग्री. आणि शेवटी लिहिले: कवठाची चटणी. गूळ अधिक, तिखट नावापुरते, जिरे भाजून. ही चुकवू नये.

माघात कवठे पिकतात. त्या दिवसांत तिच्या पानात ही चटणी नाही असे कधी झाले नव्हते. शेवटच्या आठवड्यातही तिने एकच पदार्थ मागून घेतला होता. मुलाने फोनवर ती यादी उघडून बाजार केला, चटणी शेजारच्या वहिनींनी वाटून दिली, आणि दहाव्याला पिंडाजवळ पत्रावळ ठेवून आम्ही दोन पावले मागे सरलो न सरलो तोच कावळा उतरला. मुलगा तेव्हा पहिल्यांदा रडला.

त्यानंतर ती यादी माझ्या मनातून गेली. ती ब्लॉगवर सर्वांना दिसेल अशी राहिली आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

पुढच्या काही महिन्यांत तो आकडा धावू लागला. आधी दिवसाकाठी दोन-तीन जण येत. आता शंभराच्या घरात येऊ लागले. मी ती तिची पुण्याई समजलो. ती वर गेली आणि तिने तेथून वाचक धाडले, असे मी देवापुढे हात जोडून म्हणत असे. ते एका अर्थाने खरेच निघाले.

लहानपणी श्रावणात माझी आई महादेवाला बेलाची लाखोली वाहत असे. लक्ष पाने. आम्ही भावंडे शंभर-शंभरांच्या जुड्या बांधून देत असू. फाटके पान आई मोजणीतून काढून टाकी. लक्ष पुरे झाले की उद्यापन. उद्यापनावाचून व्रत फळत नाही, हे तिचे वाक्य. यंदा आषाढ सरता सरता ब्लॉगवरचा आकडा लाखाच्या जवळ आला, तेव्हा मला आईच्या जुड्या आठवल्या. एकेक मनुष्य म्हणजे एकेक पान वाहिले गेले, असा भाव मनात धरला. लाख येऊन गेले. त्यांतला एक तरी पाठ घ्यावयास येणार नाही काय? लाख पुरे झाले त्या सकाळी मी देवापुढे साखर ठेवली आणि ब्लॉगच्या मस्तकी, प्रत्येक पानावर दिसेल असे, निमंत्रण लिहिले: श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी नदीकाठच्या देवळात सातही अध्यायांचा पाठ होईल, नंतर प्रसाद होईल, सर्व वाचकांनी यावे.

आचाऱ्याला बोलावून विचारले, किती जणांचा करावा. तो आमच्याकडच्या सगळ्या कार्यांना येणारा, तोंडाने फटकळ माणूस.

"लाख लोकं येऊन गेले म्हनता न गुरुजी?" तो म्हणाला. "लाखाची कढई मायापाशी नाही. पन्नासाचा शिरा करतो. जास्ती आले त त्यायले सांगा, इंटरनेटवरच खा म्हना."

मी हसलो. त्या दिवसांत मी पुष्कळ हसत होतो.

सोमवारी मुलगा आदल्या रात्रीच्या बसने आला होता. आम्ही देवळात पोहोचलो तेव्हा देवळामागे चूल पेटली होती. मुलाने सभामंडपात दोन सतरंज्या अंथरल्या, फोन तिवईवर उभा करून ध्वनिमुद्रण सुरू केले. सातला प्रारंभ असे निमंत्रणात होते. मी साडेसातपर्यंत थांबलो. गुरववाड्यातल्या दोन वृद्ध बाया पाणी घालून, घंटा वाजवून गेल्या. एक मनुष्य मोटारसायकलवरून आला आणि बाहेर निंबाखाली बसला. त्याच्या डोक्याला रुमाल होता. आत येण्यास मुलाने त्याला खुणावले. त्याने हात हलवून नको म्हटले. कोणाची वाट पाहत असेल, असे आम्हांस वाटले.

मी पाठ आरंभला. पहिले दोन अध्याय निर्वेध झाले. तिसऱ्यात, नदीने महादेवाची प्रार्थना केली आहे त्या भागात, एक चरण तोंडून निघून गेला आणि तो गेल्यावर मनात काहीतरी खटकले. मी किंचित थांबलो. का थांबलो ते माझे मलाही तत्क्षणी उमगले नाही. मी पळीची वाट पाहत होतो.

आणि देवळामागून पळी वाजली. खणकन, पातेल्याच्या काठावर.

मी मागे गेलो. चरण बदलून म्हटला. पुन्हा पळी वाजली. मी आणखी मागे गेलो, संपूर्ण श्लोक प्रारंभापासून घेतला. पुन्हा पळी; आणि या वेळी तिच्यापाठोपाठ आचाऱ्याचा आवाज आला, "साजूक तूप कोठं ठेवलं रे भाऊ?" तो केवळ पळीला चिकटलेला रवा झटकत होता. आता माझ्या जिभेवर त्या चरणाचे तीन पाठ होते आणि त्यांतला गुरुजींचा कोणता, हे मला सांगता येईना. शेजारी पोथी होती. पोथीतली अक्षरे तिन्हींत तीच होती. भेद होता तो थांबण्याचा आणि स्वराचा. मी एक निवडला आणि पुढे गेलो. चुकले असे म्हणणारे तेथे कोणी नव्हते, आणि बरोबर आहे असे म्हणणारेही नव्हते.

सात अध्याय पूर्ण झाले तेव्हा साडेदहा वाजत आले होते. सतरंज्या तशाच, घडीची रेघही न मोडलेल्या. आचारी शिऱ्याचे पातेले घेऊन मंडपात आला, इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि पातेले खाली ठेवून गेला.

मुलगा पायरीवर बसून फोन पाहत होता. "निमंत्रण किती जणांनी पाहिलं ते बघतो," तो म्हणाला. मग त्याचे बोट एकेका पानाच्या आकड्यावरून खाली सरकत गेले.

"बाबा," तो म्हणाला, "कुठल्या पानावर किती लोक आले ते तुम्ही कधी पाहिलं होतं का?"

"तसे वेगळे पाहता येते?"

"येतं." त्याने फोन माझ्याकडे केला नाही, स्वतःपाशीच धरून ठेवला. "श्लोकांच्या पानांवर सगळे मिळून चार-पाच हजार असतील. त्यातही आपणच असू. बाकी सगळे एकाच पानावर आलेत."

"कोणत्या?"

"आईच्या यादीच्या."

तो सावकाश सांगत गेला. लोक दहाव्याची सामग्री शोधतात आणि तेथे येतात. यादी उतरवून घेतात आणि जातात. ज्या घरी कोणी गेले आहे, त्या घरचा एक मनुष्य त्या दहा दिवसांत कधीतरी एकदा तेथे येतो. माझा लाखाचा आकडा त्या घरांचा होता. आणि मी त्याचे उद्यापन मांडले होते. देवापुढे साखर ठेवली होती.

"खाली लोकांनी लिहिलंय पण बरंच," मुलगा म्हणाला. मी अभिप्राय केवळ नव्या श्लोकाखाली पाहत असे. तेथे काही नसे. त्याने दोन-तीन वाचून दाखवले. कोणी विचारले होते, कवठ मिळाले नाही, जांभूळ ठेवले, दोष लागेल काय? त्याला दुसऱ्या कोणी उत्तर दिले होते: लागेल, कवठच हवे, गुरुजींनी चुकवू नये असे स्पष्ट लिहिले आहे. तिसऱ्याने कळवले होते की त्याने बाटलीतला कवठाचा मुरंबा ठेवला आणि कावळा शिवला, तरी निश्चिंत असावे.

मी आयुष्यभर शास्त्रात नसलेले एक अक्षर कोणाला सांगितले नाही. विद्यार्थ्याला संशय असेल तर मलाही संशय आहे असे म्हटले, उद्या पाहून सांगतो म्हटले. आणि शोकाकुल घरांत, जेथे मनुष्य विचारण्याच्या स्थितीत नसतो तेथे, माझ्या नावाने एक विधी शिरला होता, जो कोणत्याही ग्रंथात नाही.

इतक्यात निंबाखालचा मनुष्य उठून पायरीपाशी आला. पायरी चढला नाही. चाळिशीचा असावा. रुमाल सरकला होता तेथे मुंडनानंतरचे खुंट दिसत होते, दाढीही तेवढीच वाढलेली. मी ओळखले. याच्या घरी सुतक आहे.

"बाबाजी, ते दहाव्याची यादी तुमीच लिवली काय?"

"हो. मीच."

"लय वेळ चालते बा तुमचं." त्याने मंडपाकडे मान वळवली. "सकाळपासून बसून राह्यलो. फुलसावंगीच्या तिकडून आलो मी. माया बुड्याचा उद्या दहावा हाय. यादीच्या वरती या मंदिराचं नाव दिसलं, म्हटलं मानूस भेटते त जाऊन पुसून यावं."

"विचारा."

"ते कवठ सांगा न कोठं भेटते. सारं पालथं घातलं. आर्णीच्या बाजारातली बाई हासली मले. म्हने श्रावनात कवठ पायजे याले, आंबे नाही पायजे काय!"

माझ्या मुलाने तोंड दुसरीकडे फिरवले.

"कवठ नको," मी म्हणालो. "त्याची काही आवश्यकता नाही."

"काहून नको? यादीत त हाय. चुकवू नये, असं लिवलं हाय."

"ते माझ्या पत्नीसाठी लिहिले होते. तिला आवडत असे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी सांगितलेले त्याला कळले होते, पटले नव्हते. "आमच्याकडं आता महाराज राह्यले नाही," तो म्हणाला. "बाहेरून येतेत. त्यायनंच हे यादी मोबाईलवर धाडली. म्हने, यातलं एकबी सोडू नका."

ज्यांना मी विचारावयाचे ते पुरोहितच मला प्रमाण मानून दुसऱ्यांना सांगत होते.

"तुमच्या वडिलांना काय आवडत असे?" मी विचारले.

"बुड्याले?" त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "बुड्याले चहा लागे. बशीत. टोस बुडवून. जेवन नाही भेटलं तरी चालन, पन चहा गोड नसला त सारं घर डोक्यावर घे. दवाखान्यातबी नर्सबाईले म्हने, ओ बाई, साखर का तुमच्या बापाची हाय?"

"मग बशीत चहा ठेवा. आणि टोस."

"चालते?"

"चालते."

"देवाच्या दारात बसून सांगून राह्यले हां बाबाजी."

"हो."

त्याने मान डोलावली. परंतु गेला नाही. "लिवून द्या न मंग. माया मोठा भाऊ नाही मानत. तो म्हनन, यादीत कोठं हाय चहा? नाहीतर असं करा, तुमी यादीतच बदला न. ते त पाह्यते तो."

मी मुलाच्या वहीतले एक पान घेऊन त्यावर लिहून दिले आणि खाली सही केली. ब्लॉगवरची यादीही घरी जाताच बदलतो, असे सांगितले. त्याने कागद खिशात ठेवला. मुलाने शिऱ्याचा द्रोण पुढे केला, तेव्हा तो एक पाऊल मागे सरला.

"नाही भाऊ, सुतक हाय न." मग जाताजाता मला म्हणाला, "आवाज चांगला हाय तुमचा. काय होतं ते?"

"या देवळाचे माहात्म्य आहे."

"असं काय," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारली.

माझ्या उद्यापनाला आलेला तो एकच पाहुणा. त्याला आत येता आले नाही आणि प्रसाद घेता आला नाही. सातही अध्याय त्याने ऐकले, ते संपण्याची वाट पाहत.

प्रसाद वाया जाऊ नये म्हणून आचाऱ्याने पातेले ऑटोत घालून बाजारात वाटावयास नेले. दुपारी घरी येऊन मी ब्लॉग उघडला आणि ती यादी काढली. तीन वर्षांनी प्रथमच ती वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. गूळ अधिक, तिखट नावापुरते, जिरे भाजून. एकेक अक्षर मागून पुसले जाते. आधी 'चुकवू नये' गेले, मग जिरे, मग तिखट, मग गूळ, आणि सर्वांत शेवटी कवठ. त्या जागी लिहिले: गेलेल्या व्यक्तीच्या आवडीचा कोणताही एक पदार्थ. हे न जमल्यास दोष नाही. सगळ्या ब्लॉगवर तिचे म्हणून एवढेच होते, ते मी माझ्या हाताने काढले. काढणे प्राप्तच होते. परंतु ज्यांनी आधीच उतरवून नेले आहे त्यांच्यापर्यंत हे पोहोचणार नाही. पुढच्या कित्येक दहाव्यांना श्रावणात, भाद्रपदात, वैशाखात लोक कवठ शोधत हिंडतील, आणि न मिळाल्यास आपल्या मृताच्या वाट्याला काही उणे राहिले असे मानतील.

पान जतन करून वर पाहिले तो तळाचा आकडा एकाने वाढला होता. सात वर्षे मी ज्या गोष्टीचा आनंद मानला ती हीच होती. मी मुलाला तो आकडा काढून टाकावयास सांगितले. त्याने काढला. लोक येतच आहेत. केवळ ते आता मला दिसत नाहीत.

मुलगा परत जाण्यापूर्वी आम्ही सकाळचे ध्वनिमुद्रण ऐकले. "निदान हे तरी राहील, बाबा," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वीचे एक ध्वनिमुद्रण त्याच्यापाशी होते. तेही ती गेल्यानंतरचे. मी दोन्हींतला तिसरा अध्याय एकापाठोपाठ एक लावावयास सांगितला. नदीच्या प्रार्थनेचा तो श्लोक दोन ठिकाणी दोन प्रकारे होता. जुन्यात मी दुसऱ्या चरणापाशी थांबलो होतो. आजच्यात, शेवटी निवडला त्या पाठात, थांबलो नव्हतो, आणि चौथा चरण खालच्या स्वरात घेतला होता.

"यातलं बरोबर कुठलं?" मुलाने विचारले.

मी त्याला पुन्हा लावावयास सांगितले. मग आणखी एकदा. जुन्या मुद्रणात माझा आवाज आणि पंख्याची घरघर एवढेच आहे. आजच्यात पळी आहे, परंतु ती आचाऱ्याची.

"ठेव दोन्ही," मी म्हणालो.